परदेशी भेटलेले गावकरी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सन २०१८ मध्ये मुलाकडे लंडनला गेलो असता, तेथे १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळात रत्नागिरीकडील एक वृद्ध गृहस्थ भेटले. "आपले गाव कोणते?" हा त्यांचा पहिला प्रश्न, ज्ञाति त्यांनी विचारलीच नाही. नातवंडांस मराठी समजते, परंतु वाचता येत नाही, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. "आईची पत्रे पेटीत जपून ठेवली आहेत, माझ्यामागे ती वाचील कोण?" असे ते म्हणाले.

बंधूंनो, हा प्रश्न आता आपल्याही घरांत येऊन ठेपला आहे. आपल्या गुणगौरव समारंभात मराठी वाचनाचेही एक पारितोषिक ठेवावे, अशी माझी नम्र सूचना आहे.