खांद्याला घट्ट, पाठीला सैल



उन्हाळ्यावर बोला, असा निरोप आला की कवीकडून गुलमोहर, पळस, मोगरा यांची अपेक्षा असते. मी मात्र आज सदऱ्याविषयी बोलणार आहे. तोही कुणाच्या, तर भर उन्हात बंदूक खांद्याला लावून उभ्या राहणाऱ्या नेमबाजाच्या. माझा या खेळाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध दुहेरी आहे. माझे अब्बा सोलापुरात शिंपीकाम करायचे, त्यामुळे अक्षरांच्या आधी माझी ओळख कापडाशी झाली. आणि माझी भाची शॉटगन चालवते, त्यामुळे गेली काही वर्षं आमच्या घरात कापडाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे.

नेमबाजी म्हटली की आपल्याला आधी कोल्हापूर आठवतं. तेजस्विनी सावंत यांचं २०१० मधलं म्युनिकचं जगज्जेतेपद, राही सरनोबत यांचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, स्वप्नील कुसाळे यांचं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं कांस्य. रायफल आणि पिस्तूल या प्रकारांत नेमबाज सहसा छपराखाली उभा असतो. ट्रॅप आणि स्कीट हे शॉटगनचे प्रकार मात्र उघड्या मैदानावरचे. यंत्रातून तबकडी सुटते, जेमतेम ११ सेंटिमीटर व्यासाची, आणि ती हवेत असतानाच फोडायची. एका फेरीत अशा २५ तबकड्या. ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत एकूण १२५. डॉ. कर्णीसिंग यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४ मधलं अथेन्सचं रौप्यही शॉटगनचंच, डबल ट्रॅपमधलं, आणि तेही ऐन ऑगस्टमधलं.

आता या खेळाडूच्या डोक्यावरचं ऊन पाहा. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूर, सोलापूर, पुणे या गावांवरून सूर्य नेमका डोक्यावरून जातो. त्या दिवशी भरदुपारी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. आमच्याकडची मुलं सरावाला दिल्लीच्या तुघलकाबादला किंवा जयपूरच्या जगतपुऱ्याला जातात. ती गावं कर्कवृत्ताच्या वर, तिथे सूर्य अगदी माथ्यावर येत नाही. पण मे-जूनमध्ये तो फार खालीही नसतो. अशा वेळी सावली अंगावरच घालून न्यावी लागते.

कापड ऊन किती अडवतं, हे मोजायची एक पद्धत आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने त्याचं प्रमाण ठरवलं. त्याला यूपीएफ म्हणतात. एखाद्या कापडाचा यूपीएफ ५० असेल, तर त्वचेला जाळणाऱ्या अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आरपार जातो. आपला पातळ, पांढरा सुती टी-शर्ट या परीक्षेत साधारण दहाच्या आतच अडकतो. घामाने भिजला की आणखी खाली घसरतो. घट्ट विणीचं कापड जास्त अडवतं, ताणलेलं कमी अडवतं. गडद रंग ही किरणं जास्त शोषतो, म्हणून त्वचेचा बचाव चांगला करतो. पण तोच रंग उष्णताही जास्त ओढून घेतो. पेच आहे तो इथेच.

या पेचावर एक जुना प्रयोग आहे. वाळवंटातले बदाउनी लोक काळे झगे का घालतात, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी काळ्या आणि पांढऱ्या झग्यांतून अंगापर्यंत किती उष्णता पोचते हे मोजलं. १९८० मध्ये ते ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. निष्कर्ष असा, की दोन्ही झग्यांत अंगाला सारखीच उष्णता लागते. काळं कापड जास्त तापतं, पण झगा सैल असल्यामुळे ती उष्णता अंगाला भिडण्याआधीच हवेबरोबर निघून जाते. म्हणजे रंगाइतकंच महत्त्व कापड आणि कातडी यांच्यामधल्या हवेला आहे. अब्बांनी ‘नेचर’ कधी वाचलं नव्हतं, पण उन्हात राबणाऱ्या गिऱ्हाइकाचं माप घेताना ते न विचारता पाठीत दोन बोटं जास्त धरत.

मग नेमबाजाने सरळ झोळासारखा सदरा घालावा का? नाही. स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता खाली, जाकिटावर कोपराच्या उंचीला लावलेल्या पट्टीपाशी धरावा लागतो. पंच त्यावर नजर ठेवून असतात. तबकडी मागितल्यावर ती लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही. ती दिसताच बंदूक गालाशी आणि खांद्याशी यायला हवी. त्या क्षणी काखेतली चुणी, जाड कॉलर किंवा खिशाची पट्टी दस्त्याला अडली, की तबकडी गेलीच. म्हणून या सदऱ्याचं गणित असं: खांद्याला घट्ट, पाठीला सैल. उजव्या खांद्यावर जाड शिवण नको, बटणाची पट्टी नको. काखेत चौकोनी तुकडा जोडलेला असावा, म्हणजे हात उचलताना सदरा वर ओढला जात नाही. बाह्या मनगटापर्यंत, कफ बेताचा. रंग फिका, वीण दाट. वरून घालायच्या जाकिटाला खांद्यावर चामडं किंवा गुळगुळीत कापड असतंच, पाठ मात्र जाळीची घ्यावी. नाहीतर सदऱ्यात राखलेली हवा जाकीट दाबून टाकतं.

डोक्याचंही तसंच. रुंद काठाची हॅट सावली छान देते, पण मान कलती करून गाल दस्त्यावर टेकवला की काठ आडवा येतो, कानावरच्या आवाजरोधकांशीही त्याचं जमत नाही. त्यापेक्षा पुढे झाप असलेली टोपी आणि मागे मानेवर सोडलेला सुती रुमाल बरा. आपल्या शेतकऱ्याच्या उपरण्यात हे शहाणपण केव्हापासून आहे. पिस्तूलवाल्यांना टोपीचा आणखी एक उपयोग होतो. उडालेलं गरम काडतूस चष्म्याच्या आत पडत नाही. त्याच कारणाने गळ्याचं बटणही लावलेलं बरं.

चष्मा तबकडीच्या तुकड्यांपासून बचावासाठी हवाच. पण काच नुसती काळी असून चालत नाही. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरणं अडवणारी नसेल तर डोळ्यात ती जास्तच शिरतात. उलट, ती अडवणारी काच फिकी असली तरी चालते. नारिंगी तबकडी उठून दिसावी म्हणून बरेच जण लालसर काच घेतात.

हे सगळं मी का सांगतोय? भाचीच्या एका शिबिरात मुलांना गणवेश म्हणून अंगाला चिकटणारे काळे टी-शर्ट दिले होते. अर्ध्या बाह्यांचे. सकाळी आठपासून एकपर्यंत सराव. पूर्ण बाह्यांचा सदरा घालू का, असं तिने विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘उन्हाला भिणारा नेमबाज कसला!’ तिसऱ्या दिवशी ती रांगेत उभी असतानाच तिला मळमळून आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. बंदूक मोडून काडतुसं काढायचं तेवढं भान तिला राहिलं. घरी आल्यावर म्हणाली, ‘मामू, बोट चापावर होतं आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.’

श्रोतेहो, ऊन सोसणं ही मर्दुमकी आहे, असं आपण मुलांना फार लवकर शिकवतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. तिथे लोक नुसते बसले होते. इथे तर हातात भरलेली बंदूक असते. भोवळ येणाऱ्याचा जीव धोक्यात असतोच, त्याच्या शेजारी उभे असलेलेही सुरक्षित नसतात.

तेव्हा पालकांनो, दुकानात पाटीवरच्या किमतीआधी तीन गोष्टी पाहा. कापड उजेडाकडे धरा. पलीकडचा उजेड आरपार दिसला, तर ऊनही आरपार जाईल. मुलीला दोन्ही हात बंदूक धरल्यासारखे वर करायला सांगा आणि काख ओढते का, पाठ चिकटते का, ते पाहा. कापडाचा कोपरा ओला करा. पारदर्शक झाला तर तो सदरा घामाच्या दिवसाचा नव्हे. मनासारखा मिळाला नाही, तर गल्लीतल्या शिंप्याकडे जा. हजारोंचं परदेशी जाकीट नसलं तरी चालेल, पाठीतली दोन बोटं जागा महत्त्वाची. आणि गणवेश ठरवणाऱ्यांना एवढंच सांगणं, की मूल बाह्या मागत असेल तर द्या. मळमळतंय, गरगरतंय असं म्हणालं तर त्याच क्षणी बंदूक रिकामी करायला लावा आणि त्याला सावलीत न्या. तबकड्या उद्याही उडतील.