गर्दीत मोबाईल हरवला, तर?

विसर्जन मिरवणूक पाहायला पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर गेलात, घरी येऊन पाहता तर खिशात मोबाईल नाही. काय कराल?

आधी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि यूपीआय बंद करून घ्या. फोनपेक्षा खात्यातले पैसे आधी! मग सिम बंद करा, त्याच नंबरचं नवीन घ्या. त्यावर मेसेज यायला २४ तास लागू शकतात, घाबरू नका.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक मोबाईलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. सिम बदललं तरी तो तोच राहतो. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत जोडून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर हा क्रमांक नोंदवा. मे २०२३पासून ही सोय देशभर आहे. नोंद झाली की तो फोन भारतातल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही. पुष्कळजण विचारतात, मग पोलीस तो शोधणार कसा? कुणी त्यात सिम घातलं, की त्याचा माग लागतो. फोन सापडल्यावर मात्र त्याच संकेतस्थळावर जाऊन तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो.

हा क्रमांक खोक्यावर आणि बहुधा बिलावरही छापलेला असतो. खोकं रद्दीत गेलं असेल, तर आत्ता फोन हातात आहे तोवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पडद्यावर येईल तो क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा. आईबाबांच्या फोनचेही.