ऑपेरा आणि माडीवरचा प्रेक्षक



ऑपेराचे नाव निघाले की आपल्याकडे दोन आक्षेप हटकून ऐकू येतात. एक, तो बड्या लोकांचा शौक आहे. दुसरा, पोटात सुरी बसलेला मनुष्य तेथे मरायचे सोडून गात बसतो. आता, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वन्समोअर देऊन सुभद्रेला पुन्हा शोक करायला लावला, त्यांनी हा दुसरा आक्षेप जरा जपूनच घ्यावा!

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मिलानच्या स्काला नाट्यगृहात खालच्या सज्जांत धनिक बसतात हे खरे. पण गायकांना धाक असतो तो अगदी वरच्या माडीवरल्या, स्वस्त तिकिटाच्या रसिकांचा. डिसेंबर २००६ मध्ये 'आयदा'च्या प्रयोगात त्या माडीवरून हुर्यो उठली आणि रोबेर्तो आलान्यासारखा नामांकित गायक प्रयोग अर्धवट टाकून चालता झाला.

'ग्रँड ऑपेरा' हे नाव खरे पॅरिसचे. चार-पाच अंक, ऐतिहासिक कथानक, मोठा गायकसमूह, मध्ये नृत्य, आणि नुसते बोललेले वाक्य एकही नाही. ओबेरचा १८२८ मधला 'पोर्तिचीची मुकी' हा त्यातला आरंभीचा ऑपेरा. सगळे गातात, आणि नायिका मात्र मुकी! नेपल्सच्या कोळ्यांच्या बंडाची ही कथा २५ ऑगस्ट १८३० रोजी ब्रसेल्समध्ये चालू असता प्रेक्षक पेटले आणि रस्त्यावर आले. बेल्जियमच्या क्रांतीची सुरुवात त्या रात्रीची. दारू आधीच ठासलेली होती, हे मात्र विसरू नये.

परंतु ऑपेराचे मर्म मला सापडले ते व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो'त. पॅरिसच्या काटेकोर अर्थाने हा ग्रँड ऑपेरा नव्हे, पण आज लोक ते नाव सैलपणे वापरतात, तसे मीही वापरतो. ११ मार्च १८५१ रोजी तो व्हेनिसला प्रथम झाला. मूळ नाटक व्हिक्टर ह्यूगोचे. त्यातला लंपट राजा ऑस्ट्रियन सरकारच्या परिनिरीक्षकांना खपेना, म्हणून त्याचा मांतुआचा ड्यूक झाला. रिगोलेत्तो हा त्याच्या दरबारातला कुबडा विदूषक. त्याच्या लाडक्या लेकीला, जिल्दाला, ड्यूक नासवतो, आणि बाप मारेकऱ्याला सुपारी देतो.

शेवटच्या अंकात नदीकाठची खानावळ आहे. आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीशी लगट करतो आहे. ती हसून त्याला उडवून लावते. बाहेर अंधारात जिल्दा ते पाहून तुटते आहे, आणि बाप सूड घोकतो आहे. चौघेही एकाच वेळी गातात, प्रत्येकाची चाल निराळी. बोलत्या नाटकात चार माणसे एकदम बोलू लागली तर नुसता गलका होईल. येथे चार मने एकाच क्षणी उघडी दिसतात. आपल्या कानाला एका वेळी एकच सूर धरायची सवय, म्हणून पहिल्यांदा गोंधळ वाटतो. दुसऱ्यांदा ऐकावे.

याच अंकात ड्यूक बायकांच्या चंचलपणाविषयी एक उडते गाणे म्हणतो. चाल इतकी सोपी की एकदा ऐकताच ओठांवर बसते. पुष्कळ पंडितांनी तिला बाजारू म्हणून नाक मुरडले. मला वाटते, ते फसले. कारण पुढे मध्यरात्री मारेकरी एक पोते आणून देतो. आत ड्यूकचे प्रेत आहे अशा समजुतीने रिगोलेत्तो ते नदीकडे ओढू लागतो, तोच दुरून तेच गाणे, त्याच आवाजात! ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण? प्रियकराच्या जागी स्वतः सुरी झेललेली त्याची मुलगी.

कोणी निरोप आणत नाही, कोणी खुलासा करीत नाही. नुसत्या चालीवरून बापाला कळते, आणि त्याच क्षणी माडीवरल्या शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळते. चाल सोपी नसती तर ती त्याला ओळखू आली नसती. बाप थरथरत पोते फाडतो, विजेच्या प्रकाशात लेकीचा चेहरा दिसतो, तिच्यात अजून थोडी धुगधुगी असते. आणि ती गाऊ लागते, तेव्हा नाट्यगृहात कोणालाही हसू येत नाही.