घर बांधून झाल्यावर

घरकुल पुरं झालं की फोटो निघतो, शेवटचा हप्ता जमा होतो. पण पावसाळा काढल्यावर घर कसं वाटतं, हे विचारायला सहसा कुणी परत येत नाही.

आमच्या डहाणू-तलासरीकडे वारल्यांचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप. फटींतून वारा खेळतो, चुलीचा धूर कौलांतून निघून जातो आणि लग्नात त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला जातो. २०१६च्या प्रधानमंत्री आवास योजनेनं घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २०चं २५ चौरस मीटर केलं, स्वयंपाकाची जागा धरून. चांगलंच झालं. पण त्यात कणगी कुठं आणि कोंबड्या कुठं, हे गणित घरच्या बाईनंच सोडवायचं.

नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसू लागले. भिंतींना तडे गेले, माणसं ऐन थंडीत तंबूत निजली. पक्कं घर असून अंगणात का, असं मी एका आजींना विचारलं. कुडाची भिंत अंगावर आली तर माणूस झटकून उठतो, असं त्या म्हणाल्या. मी कवी, पण मला हे सुचलं नसतं. पाहणीच्या फॉर्मात ते कुठल्या रकान्यात लिहायचं?