फारकत झाली, आता व्हिसा कोणत्या नात्यावर?

गोसीखुर्द, पवनी आणि वैनगंगेच्या काठावरच्या गावांतून जे ऐकत आहेत, त्यांच्यापुढे आज एक नाजूक विषय मांडायचा आहे. लग्न परदेशी नागरिकाशी झालं, काही वर्षांनी मोडलं, आणि आता दोघांनाही पुन्हा एकत्र यायचं आहे. कधी लेकरासाठी, कधी आजारपणामुळे, कधी मधल्या काळात राग ओसरला म्हणून. परदेशी म्हणजे तिकडे जन्मलेला माणूसच असं समजू नका. आपल्याच तालुक्यातला मुलगा नागपुरात शिकून अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला, की त्याच दिवशी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग भंडाऱ्यात माहेरी परतलेली त्याची घटस्फोटित बायको आणि तो, यांच्यामध्ये दोन देशांचे कायदे उभे राहतात.

व्हिसाकडे वळण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमचं लग्न कायद्यानं खरोखर संपलं आहे का? आपल्याकडे अजूनही दोन्हीकडची मंडळी बसतात, स्टॅम्पपेपरवर फारकतनामा लिहितात, नोटरीचा शिक्का घेतात आणि झालं म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीनुसार चालत आलेल्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी त्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध झालं नाही तर त्या कागदानं लग्न मोडत नाही. दूतावासातला अधिकारी कोर्टाचा हुकूमनामाच मागतो.

परस्परसंमतीचा अर्ज कोर्टात दाखल आहे पण शेवटचा हुकूम झालेला नाही, अशी स्थिती असेल तर तुम्ही आजही नवराबायकोच आहात. संमती मागे घेता येते, अर्ज थांबवता येतो. कोर्टानं फक्त न्यायिक विभक्तता दिली असेल तरीही विवाह शाबूत असतो, आणि तो हुकूम रद्द करून घेण्याची सोय कलम १० मध्येच आहे. अशा जोडप्यांना पुन्हा लग्न करायची गरजच नसते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक घाईनं शेवटची सही करून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

घटस्फोट परदेशातल्या कोर्टानं दिला असेल तर गुंता वेगळा. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या कोर्टाचा घटस्फोट मान्य केला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यातल्या कारणांवर घटस्फोट झाला नसेल, किंवा दुसरा जोडीदार स्वखुशीनं त्या कोर्टापुढे आला नसेल, तर असा हुकूम सहसा भारतात चालत नाही. म्हणजे एकच जोडपं तिकडे घटस्फोटित आणि इकडे विवाहित असू शकतं. तुमची अवस्था अशी असेल तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी वकिलाकडे जा, कारण दोन देशांच्या कागदांवर दोन वेगवेगळी उत्तरं लिहिणं पुढे अंगाशी येतं.

आता मूळ मुद्दा. घटस्फोट पक्का झाला असेल तर ‘पूर्वीचा नवरा’ किंवा ‘पूर्वीची बायको’ या नात्यावर मिळणारा व्हिसा सहसा कोणत्याच देशात नाही. तुम्ही दहा वर्षं संसार केलेला असो, व्हिसा अधिकाऱ्यापुढे आजचं नातं मांडावं लागतं. ते तीनच प्रकारांत बसतं: भेटायला येणारा पाहुणा, लेकराची आई किंवा बाप, नाहीतर पुन्हा लग्न करणारा जोडीदार. यातलं तुमचं खरं कोणतं, हे ठरल्याशिवाय अर्जाच्या नादी लागू नका.

परदेशी जोडीदाराला भारतात यायचं असेल तर भेटीसाठी टुरिस्ट व्हिसा पुरतो. मित्र किंवा नातेवाईक यांना भेटणं हा त्या व्हिसाचा मान्य हेतू आहे, आणि पुष्कळ देशांच्या नागरिकांना तो ऑनलाइन, ई-व्हिसा म्हणून मिळतो. तो ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा असतो, आणि नागपूर विमानतळावरूनही ई-व्हिसावर देशात उतरता येतं. पाहुणा तुमच्या घरी मुक्कामाला राहिला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. हा नियम फक्त हॉटेलवाल्यांचा आहे असा समज आहे. तो घरमालकालाही लागू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी परकीय नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालय ठेवतं. पोलिसांचं नाव ऐकून बिचकू नका. नोंद केलेला पाहुणा निर्धास्त राहतो.

पुन्हा लग्न करायचं असेल तर कायद्याची आडकाठी नाही. हिंदू विवाह कायद्याखालच्या घटस्फोटाविरुद्ध अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपली आणि अपील झालं नाही, की दोघंही पुन्हा लग्नाला मोकळे, एकमेकांशीसुद्धा. दोघंही हिंदू असतील तर त्याच कायद्यानं लग्न होतं. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यासाठी दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या बाजूनं ही अट आपोआप पूर्ण होते. नोटीस लागल्यावर पुन्हा ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. ही गणितं आधी मांडा. ३० दिवसांचा ई-व्हिसा घेऊन आलेला माणूस विमानतळावरून थेट विवाह अधिकाऱ्याकडे गेला तरी त्याचे दिवस पुरत नाहीत. त्याला एक वर्षाचाच व्हिसा घ्यायला सांगा, आणि येताना घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत व आपल्या देशाकडून अविवाहित असल्याचा दाखला आणायला सांगा.

लग्न नोंदलं गेलं की टुरिस्ट व्हिसाचा एंट्री व्हिसा, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात, तो करून मागता येतो. अर्ज परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठी असलेल्या ई-एफआरआरओ या पोर्टलवर होतो. दोघं खरंच एकत्र राहतात का, याची चौकशी होते. पोलीस घरी आले, शेजाऱ्यांना विचारलं, तर त्यात अपमान मानू नये.

ओसीआय, म्हणजे भारताचे परदेशस्थ नागरिक, या कार्डाबाबत बहुतेक जण गाफील असतात. परदेशी जोडीदाराला हे कार्ड मिळायला नोंदणीकृत विवाह अर्जाच्या आधी सलग किमान दोन वर्षं टिकलेला असावा लागतो. आणि नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ डी नुसार, लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं, तेही बाजू मांडण्याची संधी देऊन. पहिल्या संसाराची वर्षं नव्या लग्नाच्या खात्यात जमा होतील अशा भरवशावर राहू नका. ज्याला स्वतःच्या भारतीय वंशामुळे ओसीआय मिळालं आहे, त्याच्या कार्डाला मात्र घटस्फोटाचा धक्का लागत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भारताच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या नियमांत घटस्फोट हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला एक गट आहे: पाकिस्तानी नागरिकाशी लग्न झालेल्या, विधवा किंवा घटस्फोटित होऊन परतणाऱ्या, आणि तिकडे आधाराला पुरुष माणूस नसलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रिया. मोडलेल्या लग्नानंतरही बाईला माघारी यायला वाट हवी, एवढं त्या ओळीनं मान्य केलं आहे. इतर देशांतून परतणाऱ्या लेकींसाठीही इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेली तरतूद असावी असं माझं ठाम मत आहे.

आता इथून तिकडे जाणाऱ्यांचं. अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण आपल्या भागातली मुलं तिकडे बरीच आहेत. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायकोचा एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, हा लग्नावर टेकलेला असतो. घटस्फोटाचा हुकूम झाला की तो आधार जातो. पुन्हा लग्न केलं तर नव्यानं एच-४ मागावा लागतो. नवरा अमेरिकी नागरिक झाला असेल तर दोन रस्ते. एक के-१, म्हणजे लग्नासाठी जाण्याचा व्हिसा: अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावेत, आणि तिकडे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न व्हावं. दुसरा, इथेच लग्न करून पत्नी म्हणून इमिग्रंट व्हिसा. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीनकार्ड सुरुवातीला दोन वर्षांसाठी, अटींवर मिळतं.

त्याच माणसाशी पुन्हा लग्न केलं म्हणून अर्ज नामंजूर होत नाही. पण अधिकारी दोन्ही लग्नांची कसून तपासणी करतो. पहिलं लग्न केवळ व्हिसासाठी होतं असं अमेरिकेच्या सरकारनं ठरवलं असेल, तर त्या व्यक्तीसाठी लग्नाच्या आधारावरचा अर्ज पुढे कधीच मंजूर होत नाही. म्हणून कागदोपत्री लग्न करून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातही उभं करू नका. टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात पूर्वीचा जोडीदार, लग्नाची तारीख, घटस्फोटाची तारीख हे सगळं विचारलेलं असतं. पूर्वीच्या नवऱ्याच्या घरी उतरणार असाल तर तसंच लिहा. लपवलेलं उघड झालं तर खोटेपणाचा ठपका बसतो, आणि तो नंतरच्या प्रत्येक अर्जाला आडवा येतो.

ज्या बाईला त्या माणसाशी पुन्हा संसार करायचा नाही पण लेकराजवळ राहायचं आहे, तिच्यासाठी मुलाचा रस्ता आहे. अमेरिकी नागरिक असलेला मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांची झाली की आईसाठी अर्ज करू शकते, आणि त्या वर्गाला वार्षिक कोट्याची रांग नाही. ब्रिटनमध्ये लहान मुलाच्या आईबापासाठी वेगळा व्हिसा आहे. तो मुख्यतः विभक्त झालेल्या पालकांसाठीच आहे, आणि त्यात मुलाचा ताबा किंवा भेटीचा हक्क दाखवावा लागतो. जर्मनीतही जर्मन नागरिक असलेल्या अज्ञान मुलाचा ताबा असलेल्या पालकाला तिथे राहता येतं. यातून एक दिसतं: घटस्फोटाच्या तडजोडीत मुलाला भेटण्याच्या हक्काची ओळ नीट लिहून घेतली, तर तीच पुढे व्हिसाचा पुरावा होते. पोटगीच्या आकड्यावर महिनोन्‌महिने भांडणारी माणसं ही ओळ मोघम सोडून देतात. भेट कुठे, वर्षातून किती वेळा, प्रवासाचा खर्च कुणाचा, पासपोर्ट कुणाकडे, हे हुकूमनाम्यात आलं पाहिजे.

शेवटी कागदपत्रांबद्दल, आणि हे खास आपल्या भागासाठी. गोसीखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. त्यानंतर बुडीत क्षेत्रातली गावं उठली आणि नव्या ठिकाणी वसली. त्यामुळे अनेकांच्या जन्मदाखल्यावर जुनं गाव, आधारकार्डावर पुनर्वसित गाव आणि लग्नाच्या नोंदीवर तिसराच पत्ता असतो. परदेशी अधिकाऱ्याला हे धरण ठाऊक नाही. त्याला तीन पत्ते दिसतात आणि शंका येते. तेव्हा जुनं गाव आणि नवं गाव एकाच कुटुंबाचं आहे हे दाखवणारा पुनर्वसनाचा कागद किंवा प्रकल्पग्रस्ताचा दाखला फाइलमध्ये ठेवा, इंग्रजी भाषांतरासह. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती कोर्टातून आताच काढून घ्या. परदेशात वापरायची प्रत बऱ्याच देशांसाठी अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालेल अशी प्रमाणित, करून घ्यावी लागते. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, आणि हे काम परराष्ट्र मंत्रालयाच्या मार्फत होतं. लग्नाआधीच्या आडनावाचे आणि नंतरच्या आडनावाचे कागद वेगळे असतील तर पासपोर्टवरचं नाव आधी एकसारखं करा, आणि त्यानंतरच व्हिसाची फी भरा.