पुडीतला हिरा, पडद्यावरचा भाव



हिऱ्याचा घाऊक व्यापारी कुठे भेटेल, असं वर्ध्यात कुणी विचारलं तर बहुतेक लोक त्याला नागपूरची गाडी दाखवतील. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, सगळीकडे सराफ आहेत. पण त्यांना सुटा हिरा पुरवणारा माणूस येतो तो नागपूरच्या इतवारीतून, नाही तर थेट मुंबईहून. म्हणजे आज ज्याचा धंदा अडचणीत आलाय तो आपल्याला सहसा दिसतच नाही. दिसतो तो सराफ, आणि त्याच्यासमोर बसून मोबाइलवर अमेरिकेतला भाव काढून दाखवणारं गिऱ्हाईक.

या न दिसणाऱ्या माणसाचं काम काय, ते आधी पाहू. दुपारची, दुकानात वर्दळ नसलेली वेळ गाठून तो येतो. आतल्या खिशातून लांबट घडीच्या कागदी पुड्या काढतो. बाहेरचा कागद पांढरा, आतला पातळ आणि निळसर. पुडीवर पेनानं वजन, रंग, शुद्धता लिहिलेली. सराफ चिमट्यानं एक खडा उचलतो, दहा पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याशी धरतो आणि उजेडाकडे सरकतो. उजेड उत्तरेचा असावा. भर उन्हात हिरा इतका लखलखतो की त्याचा पिवळेपणा लपून जातो. मग खड्यावर हलकेच तोंडाची वाफ सोडतो. चमक क्षणभर मावळते, तेवढ्यात अंगचा रंग कळतो. चार-पाच पुड्या ठेवून घेतल्या जातात. पैसे मात्र द्यायचे नाहीत. एक चिठ्ठी होते, जांगडाची. माल व्यापाऱ्याचाच राहतो. मुदतीत खपला तर पैसे, नाही तर पुडी परत.

सारा घाऊक व्यापार या जांगडावर उभा आहे. वर्ध्यात हिरा घेणारं गिऱ्हाईक बहुधा नोकरदार किंवा व्यावसायिक. सेवाग्राम-सावंगीचे डॉक्टर म्हणा, प्राध्यापक म्हणा. पण सराफाच्या गल्ल्यात रोकड खेळू लागते ती सोयाबीन आणि कापूस बाजारात गेल्यावर. तोवर इतवारीवाला थांबतो, त्याच्यामागे मुंबईवाला थांबतो. मुंबईवाल्याचा हिशेब पुन्हा डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की ती झळ सोसायची त्यानंच.

आता पडद्यावरच्या भावाकडे वळू. न्यूयॉर्कच्या मार्टिन रॅपापोर्ट यांनी 1978 मध्ये हिऱ्यांच्या भावाची यादी छापायला सुरुवात केली. त्याआधी भाव म्हणजे दोन माणसांमधली गोष्ट होती. यादी आली आणि वजन, रंग, शुद्धता यांच्या चौकटीत आकडे बसले. आकडा शेकडा डॉलरचा, दर कॅरटला. यादीत 50 असेल तर कॅरटला 5,000 डॉलर. व्यवहार बहुधा त्याच्या खालीच होतो. पस्तीस टक्के खाली ठरला, तर 3,250. ‘रॅपच्या किती खाली?’ एवढ्या एकाच प्रश्नावर मुंबईत तासन्‌तास घासाघीस चालते. पुढे या यादीच्या जोडीला इंटरनेटवरचा बाजारही आला. मग अँटवर्पचा, न्यूयॉर्कचा, मुंबईचा माल एकाच पडद्यावर दिसू लागला. तरीही तो व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला मामला होता. गिऱ्हाइकासमोर तो सरळ मांडला अमेरिकेत 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लू नाइल’सारख्या कंपन्यांनी.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. संकेतस्थळावर दिसणारे हजारो हिरे त्या कंपनीच्या तिजोरीत नसतात. ते असतात घाऊक व्यापाऱ्यांच्या तिजोरीत, त्यातले कित्येक मुंबईत. ऑर्डर आली की खडा निघतो. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी जवळपास नऊ घासले जातात सुरतेच्या आसपास. आणि सुरतेला अहमदाबाद–हावडा गाडीत बसलेला माणूस डबा न बदलता वर्ध्याला उतरतो! त्याच सुरतेचा खडा अमेरिकन पडद्यावर चढतो आणि आपल्या गिऱ्हाइकाला ‘बाहेरचा, म्हणून स्वस्त’ वाटतो. मुंबईचा घाऊक व्यापारी ज्या स्पर्धेनं हैराण आहे, तिला माल पुरवणाराही बऱ्याचदा तोच. नाही दिला तर शेजारचा देईल, ही भीती.

मग नुकसान नेमकं कशात? माझ्या मते, जांगडात. मुलीच्या लग्नाची अंगठी घ्यायला आलेलं कुटुंब सराफाकडे तीन खडे हाताळून बघतं, भिंगातून बघतं, चहा घेतं आणि घरी जाऊन तसाच खडा दुसरीकडून मागवतं. दाखवण्याचा खर्च, मालाची जोखीम, अडकलेलं भांडवल इतवारीवाल्याचं, विक्री दुसऱ्याची. संकेतस्थळाचा भाव कमी का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. दाखवायचं काम दुसऱ्यानंच फुकट करून ठेवलेलं असतं.

पण व्यापाऱ्यांची बाजू घेऊन मी गिऱ्हाइकाला दोष देणार नाही. वर्षानुवर्षं सराफानं सांगितला तो भाव आणि म्हटली ती शुद्धता, असा कारभार होता. सोन्यावर निदान हॉलमार्क आला. हिऱ्याला तसा सरकारी शिक्का नाही. आज जीआयएसारख्या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असलेल्या खड्याचा क्रमांक टाकला की त्याची माहिती घरबसल्या तपासता येते. कित्येकदा तो क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरनं कोरलेलाही असतो. हे इंटरनेटमुळे झालं, आणि चांगलंच झालं.

शिवाय भाव परदेशात ठरणं आपल्या जिल्ह्याला नवं थोडंच आहे? अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला तिकडे मागणी आली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तारा आल्या आणि लिव्हरपूलची बाजारभावाची तार इथल्या अडत्याच्या गादीवर वाचली जाऊ लागली. हिऱ्याचं म्हणाल, तर विदर्भाला तोही परका नाही. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद थेट ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

कापूस आणि हिरा यांत फरक एवढाच की अडत्याचा कापूस रातोरात दुसऱ्या कापसानं बाद ठरवला नव्हता. हिऱ्याच्या बाबतीत तेही झालं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो, खाणीचा नसतो इतकंच. 2018 मध्ये ‘डी बीअर्स’नं, म्हणजे खाणींच्या धंद्यातल्या सर्वांत बड्या नावानं, स्वतःच असे हिरे ‘लाइटबॉक्स’ नावानं स्वस्तात विकायला काढले. त्यानंतर या हिऱ्यांचे भाव कोसळतच गेले. नैसर्गिक खड्याच्या तुलनेत ते आज नगण्य वाटावेत इतके खाली आहेत. नैसर्गिक हिऱ्यालाही झळ बसली. वाढता भाव गृहीत धरून जांगडावर माल फिरवणाऱ्याला याचा मार दुहेरी. पुडी तीन महिने सराफाकडे पडून परत येते, आणि येते तेव्हा तिचा भाव गेलेला असतो.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन विक्रीवर 2020 पासून दोन टक्के समकरण कर होता. कच्चे हिरे आता ऑनलाइन लिलावात विकले जातात, त्यामुळे त्या कराचा बोजा आपल्याच उद्योगावर पडत होता. तो 1 ऑगस्ट 2024 पासून उठला. पण ही सवलत कच्च्या मालापाशी, म्हणजे सुरतेच्या दाराशी येऊन थांबते. इतवारीच्या पुडीपर्यंत तिची ऊब कितपत पोचते, याची मला शंकाच आहे.

मग इतवारीच्या व्यापाऱ्यानं टिकायचं कशावर? मोठ्या, प्रमाणपत्रवाल्या एकेका खड्यात त्यानं पडद्याशी झगडू नये, असं मला वाटतं. तिथे तो हरणार. त्याचं बळ बारीक मालात आहे. चाळणीनं आकार वेगळे करून गड्ड्यानं विकले जाणारे हे खडे. त्यातल्या एकेकाचं प्रमाणपत्र काढायचं तर खर्च खड्याच्या किमतीवर जातो, त्यामुळे पडद्यावर ते सुटे चढत नाहीत. हिऱ्याच्या कुडीतला एक खडा पडला, तर उरलेल्या सहांच्या रंगाचा, त्याच उंचीचा, जुन्या घडणीचा सातवा खडा शोधून देणं हे डोळ्याचं काम आहे. तो खडा मोबाइलवर मागवून बघा, कुडीत कसा उठून दिसतो ते कळेल.

पण बारीक मालातच फसवणुकीलाही जागा आहे. नैसर्गिक खड्यांच्या गड्ड्यात प्रयोगशाळेतले खडे मिसळले, तर भिंगानं ते ओळखता येत नाहीत. त्याला यंत्र लागतं, आणि आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या एकट्या सराफाला ते परवडणारं नाही. इतवारीच्या व्यापाऱ्यांनी मिळून असं यंत्र ठेवावं, पुडी तपासूनच वर्ध्याकडे पाठवावी आणि चिठ्ठीवर तसं लिहून सही करावी. आणि तुम्ही हिरा घ्याल तेव्हा बिलावर ‘नैसर्गिक’ की ‘प्रयोगशाळेत तयार केलेला’ हे लिहून मागा. मोड द्यायला गेलात तर सराफ किती टक्के परत देईल, तेही त्याच कागदावर.