भात्यात मावलेला वाद्यवृंद
(डिचोली येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



माझं बालपण पेडण्याकडे गेलं. जत्रेच्या रात्री दशावतार सुरू झाला की बाकीची मुलं रंगमंचासमोर जागा धरायची आणि मी पेटीवाल्यांच्या पायांशी बसायचो. त्यांची पायपेटी होती. भाता पायांनी चाले, म्हणून दोन्ही हात मोकळे असत. उजवा हात नटाच्या गाण्यामागून जाई, डावा खर्जात सूर धरून ठेवी. संकासुर हा दैत्य यायची वेळ झाली की पाय जोरात पडू लागत, पेटीचा आवाज फुगत जाई, आणि तो आत येण्याआधीच आमच्या अंगावर काटा येई. राणीच्या विलापाला तेच पाय इतके हळू होत की सूर जेमतेम तगून राही. पेटी, पखवाज आणि झांज, एवढ्यावर दरबार, अरण्य आणि युद्ध उभं राहायचं.

आजचा विषय दूरचा वाटेल: ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं संगीत पाइप ऑर्गनवर कसं ऐकावं. पण हे ऐकायला लागणारा कान आपल्याला त्या पेटीवाल्यांनी आधीच दिलेला आहे, असं मला मनापासून वाटतं.

ऑर्गन पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकातच गोव्यात आला. जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या भागांत, चर्चशाळेतले मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, त्यामुळे इथे देवळाच्या चौकातलं भजन आणि दशावतारी काला टिकून राहिला. तिकडे ऑर्गन, इकडे पेटी. दोन्हींचा जीव मात्र वाऱ्यातच. पेटीत वारा पितळी पट्टीला थरथरवतो. ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत, बासरीसारखा, नळीतल्या हवेचाच खांब घुमतो. प्रत्येक सुराला वेगळी नळी, प्रत्येक आवाजाच्या जातीला नळ्यांची वेगळी रांग. वादक खटके ओढून रांगा जागवतो: ही बासरीची, ही तुतारीची, ही तंतुवाद्यांची. हात दोन-तीन कीबोर्डांवर फिरतात आणि पायही सूर वाजवतात.

आता 1713 च्या सुमाराचं वायमार डोळ्यांसमोर आणा. तिथल्या दरबारात योहान सेबास्टियन बाख ऑर्गनवादक होता. इटलीच्या विवाल्दीच्या कॉन्चेर्तोंचा संग्रह 1711 साली ॲमस्टरडॅमला छापून निघाला होता. त्यातली दोन व्हायोलिनं आणि तंतुवृंद यांची ए मायनरमधली रचना बाखने एकट्या ऑर्गनसाठी लिहून काढली. तिचा संथ मधला भाग ऐका. एक छोटी स्वराकृती पुन्हा पुन्हा फिरून येते आणि तिच्यावर दोन व्हायोलिनं बोलत राहतात. आपण त्या आकृतीला काय म्हणू? लेहरा! तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा धरून ठेवतात ना, तसाच. फक्त इथे लेहरा आणि त्यावरचं बोलणं, दोन्ही एकच माणूस सांभाळतो.

पुढे एकोणिसाव्या शतकात अशा रूपांतराच्या कामाला वेगळं मोल आलं. ध्वनिमुद्रण नव्हतं आणि ऑर्केस्ट्रा गावोगाव पोचत नव्हता. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये 1855 पासून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं विल्यम टॉमस बेस्ट ऑर्गन वाजवत राहिला आणि थोर रचना ऑर्गनसाठी उतरवत राहिला. त्याच्यामागून आलेल्या एडविन लेमेअरने वॅग्नरचा प्रचंड वाद्यवृंद ऑर्गनवर आणला. त्याचा एक हात पाहण्यासारखा: चार बोटं वरच्या कीबोर्डवर आणि अंगठा खालच्या कीबोर्डवर वेगळीच धून वाजवतोय.

आपल्या गोंयकारांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात नेमका उलटा प्रवास केला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी पेटीवर बसलेली चाल घेतली आणि तिच्यातून व्हायोलिनांचे ताफे उलगडले. बेस्ट आणि लेमेअर यांनी ताफा घेतला आणि तो एका भात्यात बसवला. दोन्हीकडे प्रश्न एकच: या चालीचा जीव कशात आहे?

मग हे ऐकावं कसं? सुरुवात पायांपासून करा. ऑर्केस्ट्रातल्या डबल बासचं काम इथे पावलं करतात, आणि त्यांच्या सर्वांत खालच्या सुराची नळी सहसा सुमारे सोळा फूट लांब असते. तो सूर छातीत जाणवतो. नंतर आवाजाच्या चढउताराकडे लक्ष द्या. ऑर्गनवर बोट कितीही जोरात दाबलं तरी सूर मोठा होत नाही. म्हणून नळ्यांच्या काही रांगा झडपांच्या पेटाऱ्यात ठेवतात. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना झडपा असतात, तशाच. वादक पायाने त्या हळूहळू उघडतो आणि दुरून मिरवणूक जवळ यावी तसा आवाज दालनात येतो. शेवटी, काय गाळलं आहे ते ऐका. नगाऱ्याचा घाव नळीतून निघत नाही. मग कोणी तिथे खालचा सूर घुमवतो, तर कोणी जागा मोकळी सोडतो. रूपांतरकाराची समज अशाच जागी कळते.

असा ऐकणारा कान आपल्या संगीत नाटकानेही घडवला. बालगंधर्वांच्या नाटकांत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर साथ करत. तो पट्ट्यांचा ऑर्गन, नळ्यांचा नव्हे. पण पद संपतानाची ऑर्गनची ती भरलेली आस जुन्या रसिकांच्या कानांत आयुष्यभर राहिली. गाणाऱ्याने श्वास घेतला की ती जागा ऑर्गन धरून ठेवी.

तुम्हांला मी एक अभ्यास देतो. विवाल्दीची ती रचना आधी व्हायोलिनांवर ऐका, मग बाखच्या ऑर्गनवर दोनदा. पहिल्यांदा व्हायोलिनं आठवतील. दुसऱ्यांदा ती आठवणार नाहीत, ऑर्गनच ऐकू येईल. आणि दिवाळी उलटून काले सुरू झाले की एखाद्या रात्री पेटीवाल्यांच्या शेजारी जागा धरा. संकासुर यायच्या आधी क्षणभर त्यांच्या पायांकडे बघा.